गाणे कानात नको, घरात असू द्या

सांगलीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. ते निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या मुलाने पुण्याहून येताना वायफायवर चालणारे दोन स्पीकर आणले. एक दिवाणखान्यात ठेवला, एक स्वयंपाकघरात. मोबाइलवर बोट फिरवले की गाणे दोन्हीकडे वाजते. पत्रात त्यांनी दोन शंका विचारल्या आहेत. या लहरी चोवीस तास घरात फिरत असतात, त्यांचा प्रकृतीवर काही परिणाम होतो का? आणि हे खूळ घरात ठेवावे, की नातू करतो तसे ज्याने त्याने आपापल्या कानात घालून ऐकावे, म्हणजे इतरांना त्रास नको?

पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देतो. घरातल्या राउटरमधून निघणाऱ्या रेडिओलहरी फार क्षीण असतात. त्यांच्यामुळे शरीराला इजा होते, असे आजवरच्या अभ्यासातून सिद्ध झालेले नाही. राउटर उशाशी ठेवू नये असे मीही सांगतो, पण त्याचे कारण वेगळे आहे. त्याचे लुकलुकणारे दिवे झोप मोडतात.

दुसऱ्या शंकेसाठी मात्र सगळा लेख खर्च करणार आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. स्पीकर घरात राहू द्या, आणि घरात असेपर्यंत नातवाच्या कानातले काढा.

आपल्याकडे गाणे ऐकणे ही चारचौघांत करायची गोष्ट होती. मिरजेचेच पाहा. अब्दुल करीम खाँ साहेबांनी आपला उत्तरकाळ या गावात घालवला. १९३७ साली ते गेले, आणि आजही दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक होते. घरात रेडिओ आला तोही फळीवर बसला. सांगली आकाशवाणीचा कार्यक्रम लागला की माजघरातल्या माणसालाही तो ऐकू येई आणि ओसरीवरच्यालाही. मग १९७९ साली सोनी कंपनीचा वॉकमन आला आणि गाणे पहिल्यांदा एकट्याचे झाले.

मी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो, तेव्हा वसतिगृहात एक-दोघांकडे वॉकमन होता. त्याला दोन पेन्सिल सेल लागत. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपे. सेल उतरले की गायिकेचा आवाज हळूहळू घोगरा होत जाई, आणि नवे सेल घ्यायला महिन्याची मनीऑर्डर यावी लागे. त्या गरिबीचा एक फायदा होता, तो आज लक्षात येतो. कानाला सक्तीची विश्रांती मिळत असे. २००१ साली आयपॉड आला, त्यात हजार गाणी मावू लागली. पुढे मोबाइलने त्यालाही गिळले आणि २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादनच थांबले. आता गाणी संपत नाहीत, बॅटरी दिवसभर पुरते, आणि कानातले फक्त आंघोळीच्या वेळी निघते. काही जण त्याही वेळी काढत नाहीत.

यात बिघडले काय, हे समजण्यासाठी कानाच्या आत डोकावले पाहिजे. बाहेरून आलेला आवाज पडद्यावर आदळतो. पडद्यामागची तीन चिमुकली हाडे त्याची थरथर पुढे नेतात. अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा भाग असतो. त्यात द्रव असतो आणि सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. एका कानात त्या साधारण पंधरा हजार. द्रव हलला की हे केस वाकतात, पेशीतून विजेचा संदेश निघतो आणि तो मेंदूकडे जातो. आपले सगळे ऐकणे या पंधरा हजारांच्या जिवावर चालते.

आपल्या भागात शाळू कोणी पाहिला नाही असे नाही. वारा सुटला की उभे पीक लोळते. वारा हलका असेल तर एक-दोन दिवसांत ताटे पुन्हा उभी राहतात. पण ताट मोडले की विषय संपला. कानातल्या केसांचे असेच आहे. मोठा आवाज ऐकून आल्यावर कान बधिर वाटतो, आत ‘कुंई’ असा सूर लागतो, आणि सकाळपर्यंत ठीक होतो. ते पीक लोळून पुन्हा उभे राहिलेले असते. रोज रोज तेच झाले की काही ताटे मोडतात. पक्ष्यांच्या कानात या पेशी नव्याने उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. त्यासाठी गोळी नाही, इंजेक्शन नाही, आणि कानात लसूण उकळून तेल घातल्यानेही त्या येत नाहीत. (गरम तेलाने पडदा भाजलेले रुग्ण मात्र मी पाहिले आहेत.)

या पेशी मरतात तेव्हा माणसाला कळत नाही, ही खरी अडचण आहे. सर्वांत आधी उंच पट्टीचे आवाज ऐकवणाऱ्या पेशी जातात. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ए, खालच्या पट्टीतले आणि दणकट असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ ही व्यंजने बारीक असतात, ती गळतात. ‘तास’ म्हटलेले ‘ताक’ वाटते. म्हणून असा रुग्ण “मला ऐकू येत नाही” असे म्हणत नाही. तो म्हणतो, “ऐकू येते हो, पण लोक हल्ली पुटपुटतात.” पूर्वी हे वाक्य साठीच्या पुढचे लोक बोलत. आता महाविद्यालयात जाणारी मुले मला ते ऐकवतात, तेव्हा मी काळजीत पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात १२ ते ३५ वर्षे वयाच्या शंभर कोटींहून अधिक लोकांच्या कानांना अशा ऐकण्यामुळे धोका आहे.

आता थोडा हिशेब करू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. समोरासमोर बसून साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल भरते. डेसिबलची मोजपट्टी आपल्या फूटपट्टीसारखी सरळ नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून तीन डेसिबल वाढले की ऐकण्याचा वेळ निम्मा करावा लागतो. प्रौढ माणसाने आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तास ऐकला तर चालेल, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घातली आहे. ८५ डेसिबलला हेच साडेबारा तास होतात. ९५ला सव्वा तास. १०० डेसिबलला जेमतेम वीस मिनिटे, आणि तीही आठवड्याची. लहान मुलांसाठी पायाच ७५ डेसिबलचा धरावा असे सांगितले आहे.

कराडहून साताऱ्याला रोज एस.टी.ने येणारा विद्यार्थी घ्या. जाऊन-येऊन दोन तास. इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, कंडक्टरच्या हाका. त्यावर मात करण्यासाठी तो आवाज चढवतो. समजा ८५पर्यंत चढवला. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा तास. त्याचा आठवड्याचा कोटा प्रवासातच जवळजवळ संपला! घरी पोचल्यावर तो जेवताना, अभ्यास करताना, झोपताना जे कानात घालतो, ते सगळे उधारीचे. आणि ही उधारी वसूल होते पंचवीस-तीस वर्षांनी, जेव्हा ती फेडण्याचा मार्ग उरलेला नसतो.

विट्याच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याचा हिशेब याहून कडक आहे. मागांच्या खोलीत आवाज नव्वदच्या पुढे सहज जातो. तेथे काही तरुण कामगार कंटाळा जावा म्हणून इअरफोन घालतात आणि मागाच्या वर गाणे ऐकू यावे म्हणून ते पूर्ण मोठे करतात. हे करू नका. त्या ठिकाणी कानात घालायची वस्तू एकच, आवाज अडवणारे बोळे. ज्यांना पूर्वी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसीनसारखी इंजेक्शने घ्यावी लागली, त्यांनीही जपावे. या औषधांनी कानाच्या याच पेशी दुबळ्या झालेल्या असू शकतात. गणपतीच्या मिरवणुकीतल्या भिंतींबद्दल मी दरवर्षी लिहितो, यंदा पुन्हा लिहीत नाही. एवढेच सांगतो की त्या भिंतीसमोर दहा-पंधरा मिनिटे नाचलेल्याने पुढचा आठवडाभर इअरफोनला हात लावू नये. त्याचा कोटा तेथेच संपलेला असतो.

प्रवासात इअरफोन वापरण्याला काही कारण आहे. शेजाऱ्याला तुमचे गाणे नको असते. रस्त्यावर, गाडी चालवताना किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना मात्र ते कानात असणे म्हणजे अपघाताला निमंत्रण, त्यावर चर्चाच नको. पण घरात? घरात एस.टी.चे इंजिन नाही. आपण चपला उंबरठ्यापाशी काढतो, तसे कानातले ‘ब्लूटूथ’ही तेथेच काढावे. गाणे बंद करा, असे मी म्हणत नाही. तेच गाणे, त्याच ओळीपासून, खोलीतल्या स्पीकरवर सोपवा. हे आता सहज करता येते.

ज्यांना या यंत्रांची सवय नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोबाइलचा आवाज बिनतारी स्पीकरवर नेण्याचे दोन मार्ग आहेत. ब्लूटूथमध्ये मोबाइल थेट एका स्पीकरशी बोलतो. साधारण दहा मीटरच्या आत राहावे लागते, मध्ये जाड भिंत आली की आवाज तुटतो, आणि फोन आला की गाणे थांबते. वायफायच्या पद्धतीत मोबाइल आणि स्पीकर दोघेही घरातल्या राउटरला जोडलेले असतात, त्यामुळे वरच्या मजल्यावरूनही काम होते आणि दोन खोल्यांत एकच गाणे लावता येते. यातल्या काही प्रकारांत मोबाइल फक्त हुकूम देतो आणि स्पीकर स्वतः गाणे आणून वाजवतो. मग तुम्ही फोनवर बोलत राहा, गाणे चालू राहते. गाणी घरच्या संगणकात साठवलेली असतील तर ती वाजवायला इंटरनेटही लागत नाही, राउटर चालू असला की पुरे. वीज गेली की मात्र सगळे ठप्प. तेव्हा बॅटरीवरचा छोटा ब्लूटूथ स्पीकरच कामाला येतो.

कपाटात जुना एमपीथ्री प्लेअर पडलेला असेल, तर तोही टाकू नका. त्याला वायफाय नसते, पण इअरफोनच्या भोकातून एक वायर काढून जुन्या टेपच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागी लावली की झाले. नाहीतर त्यातली गाणी संगणकात उतरवून घ्यावीत आणि तेथून घरभर वाजवावीत. काही कंपन्यांचे प्लेअर ती सरळ उतरवू देत नाहीत, तेथे जाणत्या मुलाची मदत लागते.

या जोडणीत कानाला एक छुपा धोका आहे आणि तो मी माझ्या रुग्णांना आवर्जून सांगतो. येथे आवाजाच्या चाव्या दोन असतात, एक प्लेअरवर आणि एक स्पीकरवर. वायरने जोडताना प्लेअरचा आवाज बराच चढवावा लागतो. मग कोणी वायर काढतो, तेथे इअरफोन खुपसतो आणि तोच चढलेला आवाज थेट कानात घेतो. आजचे बरेच मोबाइल इअरफोनचा आणि स्पीकरचा आवाज वेगवेगळा लक्षात ठेवतात. जुने प्लेअर ठेवत नाहीत. म्हणून सवयच लावावी: आधी गाणे सुरू करावे, आवाज उतरवावा, आणि मग इअरफोन कानात घालावा. वायफायच्या स्पीकरचीही एक गंमत आहे. वरच्या खोलीतला नातू आपल्या मोबाइलवरून चुकून खालच्या खोलीतला, आजोबांच्या उशाजवळचा स्पीकर वाजवू शकतो. बऱ्याच स्पीकरना आवाजाची कमाल मर्यादा घालून ठेवता येते. ती पहिल्याच दिवशी घालावी.

स्पीकर किती मोठा लावावा? यंत्राची गरज नाही. खोलीत बसून दोन माणसांना न ओरडता बोलता आले पाहिजे. तेवढ्या आवाजात गाणे सत्तर डेसिबलच्या आतबाहेरच राहते, आणि सत्तरच्या खाली दिवसभर ऐकले तरी ऐकण्याची शक्ती जात नाही असे मानले जाते. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात कोंबू नका, तेथे नुसता घुमतो आणि शब्द कळत नाहीत. मग शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवला जातो. तो बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर, थोडा मोकळा ठेवा. कमी आवाजातही शब्द स्वच्छ येतात.

पण स्पीकरच्या बाजूने माझा सर्वांत मोठा मुद्दा तांत्रिक नाही. इअरफोनमधला आवाज किती आहे, हे दुसऱ्या कोणालाही कळत नाही. आवाज मोठा झाला हे ज्याच्या कानाला कळायचे, तो कानच हळूहळू बधिर होत असतो, म्हणून तो आणखी वाढवतो. स्पीकरला साक्षीदार असतात. आवाज वाढला की स्वयंपाकघरातून हाक येते, “अरे, कमी कर!” शेजारचे काका कुंपणापाशी येऊन उभे राहतात. ही टोकाटोकी त्रासदायक वाटते, पण कानाला याहून चांगला राखणदार मिळायचा नाही. शिवाय घरातल्यांना मूल काय ऐकते तेही कळते, आणि कधी कधी आजीला नातवाचे गाणे आवडूनही जाते.

शेजाऱ्यांचाही विचार हवाच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री म्हणजे दहा ते सकाळी सहा. दार-खिडकी लावून, बोलण्याएवढ्या आवाजात वाजणारे गाणे शेजाऱ्याच्या अंगणात फारसे पोचत नाही. ज्या मुलाची बारावी आहे त्याच्या खोलीत, आणि तान्ह्या बाळाच्या पाळण्याजवळ, स्पीकर ठेवू नये.

रात्री इअरफोन घालून झोपणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांना माझे सांगणे असे, की उशापासून दोन हात लांब स्पीकर ठेवा, अगदी बारीक आवाजात लावा आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद होईल अशी वेळ लावून द्या. ही सोय बहुतेक मोबाइलमध्ये असते. ज्यांच्या कानात सतत गुणगुण चालते, त्यांना तर याचा विशेष उपयोग होतो. दिवसा इतर आवाजांत ती गुणगुण लपते, रात्री सामसूम झाली की तीच मोठी वाटू लागते आणि झोप उडते. खोलीत पावसाचा किंवा तानपुऱ्याचा मंद आवाज असला की तिच्याकडचे लक्ष सुटते. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वाचले असेल. त्या तानपुऱ्याचा हा औषधी उपयोग मी काही रुग्णांना सुचवला आणि त्यांना बरे वाटले. गुणगुण त्याने जात नाही, पण झोप लागते, आणि तीही थोडीथोडकी गोष्ट नाही.

आता आजोबांकडे वळतो. वयोमानाने ऐकू कमी येणे हे वेगळे कारण, पण नुकसान त्याच बारीक व्यंजनांचे. घरोघरी दूरदर्शन संचावरून वाद होतात. आजोबा आवाज वाढवतात, सून कमी करते, शेवटी आजोबा आपल्या खोलीत जाऊन बसतात आणि हळूहळू बोलणेच सोडतात. एकटेपण वाढते, आणि उपचाराविना राहिलेल्या बहिरेपणाचा पुढे विस्मरणाच्या आजाराशीही संबंध दिसून आला आहे. अशा घरात दूरदर्शनचा आवाज आजोबांच्या खुर्चीजवळच्या लहान स्पीकरवर आणला तर सर्वांचे भागते. संच मोठ्याने लावावा लागत नाही, कारण आवाज त्यांच्याजवळ येतो.

यात एक काळजी घ्यावी. वायफायवरून स्पीकरकडे जाणारा आवाज काही पद्धतींत एक-दोन सेकंद उशिरा पोचतो. गाण्याला त्याने काही फरक पडत नाही. पण बातम्या सांगणाऱ्याचे ओठ आधी हलले आणि शब्द मागून आले, तर कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा गोंधळच उडतो. तो नकळत ओठ वाचत असतो. म्हणून दूरदर्शनसाठी वायरने जोडलेला स्पीकर सर्वांत बरा, आणि दुकानातून घेण्यापूर्वी संचाला लावून, ओठांकडे पाहून खात्री करून घ्यावी. श्रवणयंत्र घेतले असेल तर विक्रेत्याला विचारा. आता काही श्रवणयंत्रे मोबाइलचा आणि दूरदर्शनचा आवाज स्वतःच झेलतात, मग वेगळा इअरफोन लागत नाही. पण श्रवणयंत्र कान तपासून, त्याच्या मापाने घ्यावे. जाहिरात पाहून मागवलेले ‘आवाज वाढवणारे’ स्वस्त यंत्र सगळेच आवाज सारखे मोठे करते, त्याने भांड्यांचा खणखणाट वाढतो आणि बोलणे तसेच अस्पष्ट राहते. ऐपत नसलेल्या दिव्यांग व्यक्तींसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, तिच्यातून श्रवणयंत्र मिळू शकते.

बाहेर इअरफोन वापरणाऱ्यांनी स्वच्छतेचे दोन शब्द ऐकावेत. पावसाळ्यात महाबळेश्वर, पाटण, कोयना भागातून कानात बुरशी झालेले रुग्ण नेहमी येतात. कान ओला, त्यावर रबराचे बूच, आणि आत ऊब, म्हणजे बुरशीला हवे ते सगळे मिळाले. कान कोरडा झाल्याशिवाय काही घालू नये, दुसऱ्याचा इअरफोन घेऊ नये, रबराचा भाग आठवड्यातून पुसावा. कानात खाज आली म्हणून किल्ली, काडी, कापसाची काडी घालू नये. मळ त्याने बाहेर येत नाही, आत ढकलला जातो.

डॉक्टरांकडे कधी जावे? कानात गुणगुण दोन-तीन दिवसांहून अधिक टिकली, फोनवर एका कानाने नीट कळेना, गर्दीत बोलणे समजेना, किंवा घरचे “किती वेळा सांगायचे” म्हणू लागले, तर ऑडिओमेट्री करून घ्यावी. काचेच्या खोलीत बसवून बारीक-मोठे सूर ऐकवतात, अर्ध्या तासाचे काम, दुखत नाही. मोठ्या आवाजाने झालेले नुकसान त्या आलेखात चार हजार हर्ट्‌झच्या आसपास खड्ड्यासारखे दिसते. विशीतल्या मुलाच्या आलेखात असा खड्डा दिसला, तर जे उरले आहे ते वाचवता येते. त्यासाठीच लवकर जायचे.

एका तक्रारीत मात्र एक दिवसही थांबू नये. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, कान दडा बसल्यासारखा वाटला, सोबत गुणगुण किंवा चक्कर असो वा नसो, तर मळ असेल, सर्दी असेल असे म्हणत आठवडा घालवू नका. ही आतल्या कानाची तातडीची अवस्था असू शकते. पहिल्या काही दिवसांत स्टिरॉइडचे उपचार सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची आशा असते. दिवस गेले की ती कमी होत जाते. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. रविवार असेल तर शासकीय रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, आणि केव्हापासून ऐकू येत नाही ती वेळ कागदावर लिहून न्या.